३६व्या क्रमांकाचा मिडफिल्डर : २००१ च्या एएफएल ड्राफ्टचा प्रकरण अभ्यास

नोव्हेंबर २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या सोळा क्लबांनी आपापल्या पाळीप्रमाणे जी तरुण मुले निवडली, त्यांच्यापैकी पाच जणांनी पुढच्या बारा वर्षांत मिळून सात वेळा ब्राउनलो पदक पटकावले. साखळीतल्या प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना तीन, दोन आणि एक अशी मते देतात आणि त्या मतांच्या बेरजेवर हे पदक ठरते. या खेळात व्यक्तीला मिळणारा याहून मोठा मान नाही. ख्रिस जड (२००४ आणि २०१०), जिमी बार्टेल (२००७), गॅरी अ‍ॅब्लेट ज्युनिअर (२००९ आणि २०१३), डेन स्वान (२०११) आणि सॅम मिचेल (२०१२) हे ते पाच जण, आणि पाचही जण मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू, म्हणून नावाजले. त्यांची निवड मात्र अनुक्रमे ३, ८, ४०, ५८ आणि ३६ या क्रमांकांवर झाली होती. पहिला गेलेला ल्यूक हॉज आणि दुसरा गेलेला ल्यूक बॉल यांच्या वाट्याला हे पदक कधीच आले नाही.

क्लबांसाठी मुले हेरणाऱ्या पारख्यांची नजर त्या वर्षी चुकली, असा निष्कर्ष यावरून चटकन काढला जातो. तो मला मान्य नाही. पारख्यांनी जे पाहिले ते बहुतेक बरोबरच पाहिले होते. प्रश्न होता तो त्यांच्यासमोर कोणता पुरावा होता, तो कुठल्या मैदानावरून आला होता आणि त्याला किती वजन दिले गेले, याचा. हा प्रश्न नीट समजून घ्यायला हॉथॉर्न या एकाच क्लबच्या दोन निवडी, पहिली आणि छत्तिसावी, पुरेशा आहेत.

हॉथॉर्नचा सौदा

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने एक फरक आधी लक्षात घ्यावा. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. सरत्या हंगामात तळाला राहिलेला संघ पहिला निवडतो, विजेता शेवटी, आणि हाच क्रम प्रत्येक फेरीत पुन्हा येतो. कोणत्या क्लबकडे आणि कोणत्या शहरात जायचे यात मुलाला मत नसते. त्या काळच्या नियमानुसार अत्यंत कमी सामने जिंकणाऱ्या संघाला पहिल्या फेरीच्या आधी एक जादा निवड मिळे. २००१ मध्ये फ्रेमँटलने बावीसपैकी दोन सामने जिंकले, सेंट किल्डाने चार आणि वेस्ट कोस्टने पाच, त्यामुळे पहिल्या तीन जागा या तिघांच्या होत्या. निवडीचा क्रमांक क्लबांना आपसांत देता-घेता येतो, आणि इथेच हॉथॉर्नने हात मारला. ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन हे आपले दोन तरुण, उंचेपुरे खेळाडू फ्रेमँटलला देऊन त्याने त्यांच्याकडून १, २० आणि ३६ हे तीन क्रमांक घेतले.

हॉथॉर्न काही तळाचा संघ नव्हता. त्याच वर्षी तो उपांत्य टप्प्यात एसेंडनकडून अवघ्या नऊ गुणांनी हरला होता. अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर असलेल्या संघाने हाती असलेला बिनीचा खेळाडू देऊन शाळकरी मुलाचा हक्क विकत घ्यावा, हे तेव्हा अनेकांना पटले नव्हते. फ्रेमँटलची बाजूही अगदीच बिनबुडाची नव्हती, कारण दोन सामने जिंकणाऱ्या संघाला लगेच मैदानावर उतरतील अशी माणसे हवी असतात आणि मॅकफार्लिन पुढे तिथे दीर्घकाळ टिकला.

पहिल्या तिघांची पारख

मिडफिल्डर निवडणे कठीण का जाते, हे त्याच्या कामात दडलेले आहे. मैदान क्रिकेटचे, लंबवर्तुळाकार. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. ऑफसाइडचा नियम नाही. पंच मध्यभागी चेंडू उंच उडवतो (२०२५ पर्यंत तो जमिनीवर आपटून उडवला जाई), दोन्ही संघांचे उंच रकमन त्यावर झेपावतात आणि त्यांच्या पंजाने वळवलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याने तो गर्दीतून बाहेर काढायचा असतो. मधल्या चौकोनात त्या क्षणी प्रत्येक संघाचे चारच जण असू शकतात, म्हणजे रकमन वगळता तीन मिडफिल्डर. चेंडू अडला की असाच झगडा मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात पुन्हा होतो. अशा गर्दीत वाकून चेंडू मिळवणारे ते इनसाइड मिडफिल्डर, आणि बाहेर मोकळ्या जागेत तो घेऊन पळणारे आणि लांब किक मारणारे ते आउटसाइड, अशी ढोबळ विभागणी पारखी करतात. दोन्ही कामे सारख्याच ताकदीने करणारा मुलगा क्वचित सापडतो, आणि सापडला की तो पहिल्या पाचांत जातो.

२००१ मध्ये असे तिघे एकदम होते. कोलॅक या छोट्या गावातून आलेला हॉज जिलाँग फाल्कन्स या अठरा वर्षांखालील संघाकडून खेळत होता, तर जड आणि बॉल दोघेही मेलबर्नच्या सँडरिंगहॅम ड्रॅगन्सचे. बॉल हा चेंडू मिळवण्यात पटाईत, दणकट आणि जबाबदार म्हणून ओळखला जाई. जडकडे ठप्प उभ्या स्थितीतून तीन पावलांत पूर्ण वेग घेण्याची देणगी होती. झगड्यातून तो सुटला की समोरच्याला त्याच्या पाठीवरचा क्रमांक तेवढा दिसे. हॉज डावखुऱ्या पायाने नेमकी किक मारणारा होता, अंगावर येणाऱ्याला न डरणारा होता, आणि त्याला मागे, मध्ये किंवा पुढे कुठेही लावता येई.

जडच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह होते ते खांद्यांचे. कुमारवयातच त्याला खांद्यांच्या दुखापतींनी पुन्हा पुन्हा सतावले होते, आणि ज्या खेळात दर चार-पाच मिनिटांनी कोणीतरी दोन्ही हातांनी पकडून जमिनीवर लोळवते, तिथे निखळणारा खांदा ही किरकोळ बाब नाही. एका निवडीवर क्लबचे दशक ठरत असताना हॉथॉर्न आणि सेंट किल्डा यांनी ही जोखीम टाळली, यात मला गैर काही दिसत नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. सर्वांत भरवशाचा समजला गेलेला बॉल ऑस्टायटिस प्युबिस या जांघेच्या विकारामुळे २००२ चा अख्खा हंगाम बाहेर बसला आणि पहिला सामना २००३ मध्ये खेळला; खांद्यांमुळे तिसरा गेलेला जड मात्र २००२ मध्येच संघात आला आणि दोन वर्षांनी ब्राउनलो घेऊन गेला. दिसलेल्या दुखापतीची नोंद फायलीत होते, न दिसलेल्या दुखापतीची होत नाही. म्हणूनच वैद्यकीय अहवालाला पारख्याच्या टिपणापेक्षा जास्त वजन मिळते, आणि पुष्कळदा ते त्याच्या लायकीपेक्षाही जास्त असते.

हॉजच्या निवडीला मात्र मी चूक म्हणणार नाही. २००८, २०१३, २०१४ आणि २०१५ अशी चार विजेतेपदे, त्यांतली शेवटची तीन कर्णधार म्हणून, आणि २००८ व २०१४ च्या अंतिम सामन्यांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नॉर्म स्मिथ पदक, हा हिशेब कोणत्याही क्लबने आनंदाने स्वीकारावा असा आहे. ब्राउनलोच्या मोजपट्टीवर तो कमी पडतो, कारण पंचांची मते चेंडूच्या आसपास राहणाऱ्या मिडफिल्डरांकडे झुकतात आणि हॉजचा मोठा काळ बचावफळीच्या पुढच्या रांगेत, खेळ मागून घडवण्यात गेला. मिडफिल्डर म्हणून घेतलेला मुलगा दुसऱ्याच जागी थोर होतो, ही गोष्ट निवडीच्या हिशेबात कुठे धरायची, हे कोणत्याही क्लबला अजून नीट जमलेले नाही.

छत्तिसाव्या क्रमांकावर

या प्रकरणाचा गाभा सॅम मिचेलपाशी आहे. ऑक्टोबर १९८२ चा जन्म असलेला हा मुलगा ईस्टर्न रेंजेसकडून अठरा वर्षांखालील स्पर्धा खेळला होता आणि २००० च्या ड्राफ्टमध्ये सोळाही क्लबांनी त्याला घेतले नाही. आक्षेप ठरलेला होता, तो बुटका आणि मंद आहे असा. त्या काळी होतकरू मुलांना कॅनबेऱ्यातल्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये बोलावून वीस मीटरची धाव, जागेवरून घेतलेली उंच उडी, वळणावळणाची धाव आणि दमसासाची बीप चाचणी यांवर पारखले जाई. असे आकडे मोजायला सोपे, एकमेकांशी ताडून पाहायला सोपे, आणि निवड फसली तर संचालकांपुढे मांडायलाही सोपे असतात. मिचेलची खरी ताकद यांतल्या कुठल्याच तक्त्यात बसणारी नव्हती.

ती ताकद काय होती, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रकमन चेंडूला पंजा लावण्याआधीच तो कुठे पडणार याचा अंदाज घेऊन मिचेल अर्धे पाऊल तिकडे सरकलेला असे. चेंडू घेताना तो गुडघ्यांत वाकून कंबर खाली ठेवी, त्यामुळे बाजूने धडक बसली तरी त्याचा तोल सहसा जात नसे. मग तो पळण्याऐवजी क्षणभर थांबे, एका खांद्याने हूल देई, आणि अंगावर आलेला प्रतिस्पर्धी पुढे निघून गेला की मोकळ्या हाताने चेंडूवर मूठ मारून तो साथीदाराकडे पोचवी किंवा डाव्या-उजव्या कोणत्याही पायाने किक मारी. दोन्ही पाय इतके सारखे चालणारा खेळाडू विरळाच. ज्याला उजवीकडेच वळावे लागते त्याला रोखायला एक बाजू बंद केली तरी पुरते. मिचेलच्या दोन्ही बाजू उघड्या असत, आणि वेगाची उणीव त्याच बळावर भरून निघे. बाजूने टिपलेल्या दूरचित्रवाणीच्या चित्रणात हे फारसे कळत नाही. गोलखांबांच्या मागून घेतलेल्या चित्रणात, जिथे अख्ख्या गर्दीची ठेवण दिसते, ते कळते. जाणते पारखी मुलाला तिथूनच पाहणे पसंत करतात, ते याचसाठी.

निवड हुकल्यावर मिचेल २००१ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमधल्या बॉक्स हिल हॉक्सकडे गेला. हा संघ २००० पासून हॉथॉर्नशी जोडलेला होता. हॉथॉर्नचे मुख्य संघात जागा न मिळालेले व्यावसायिक खेळाडू तिथे खेळत, आणि त्यांच्याबरोबर मिचेलसारखी करार नसलेली मुलेही. २००१ चे व्हीएफएल विजेतेपद बॉक्स हिलने जिंकले. शाळेतल्या मुलांऐवजी आता त्याच्यासमोर पंचविशी-तिशीतले, वजनाने आणि अनुभवाने भारी पुरुष होते. वेग तोच, उंची तीच. तरीही गर्दीतून चेंडू काढण्याचे त्याचे काम तिथे अडले नाही. मुलगा फारसा बदलला नव्हता, त्याच्याबद्दलचा पुरावा बदलला होता. कुमारांच्या सामन्यात ज्याची हूल चालते त्याच्याबद्दल, समोरच्यांना अनुभव नाही म्हणून चालली, अशी शंका राहते. पुरुषांच्या सामन्यात ती शंका उरत नाही.

हा पुरावा बाकी पंधरा क्लबांनाही खुला होता, कारण व्हीएफएलचे सामने कोणीही जाऊन पाहू शकत असे. पण हॉथॉर्नला तो दर आठवड्याला, घरबसल्या, आपल्याच करारबद्ध खेळाडूंच्या शेजारी ठेवून पाहता येत होता. सरावाला तो कसा येतो, चूक झाली की काय करतो, आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाला मैदानावर आवाज देतो की नाही, या गोष्टी दोन-चार सामने पाहून परतणाऱ्या पारख्याला कळत नाहीत. तरीसुद्धा हॉथॉर्नची खात्री पक्की होती असे मानण्याचे कारण नाही. फ्रेमँटलकडून आलेल्या विसाव्या क्रमांकावर त्यांनी दुसऱ्याच मुलाला घेतले. मिचेल छत्तिसाव्यापर्यंत उरेल हा तो हिशेबी अंदाज होता, की त्यांच्याही लेखी त्याची किंमत तेवढीच होती, हे दोन्ही अर्थ शक्य आहेत. मला दुसरा अधिक खरा वाटतो, कारण ज्याच्याविषयी पक्की खात्री असते त्याला कोणी सोळा निवडींच्या जुगारावर लावत नाही.

पुढचे सगळे वेगाने घडले. २००२ मध्ये तो हॉथॉर्नसाठी पहिला सामना खेळला आणि त्याच वर्षी बॉक्स हिलकडून खेळताना व्हीएफएलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून लिस्टन पदक जिंकला. २००३ मध्ये लीगचा रायझिंग स्टार, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवोदित, ठरला. २००८ मध्ये कर्णधार म्हणून विजेता, त्यानंतर आणखी तीन विजेतेपदे, आणि एकूण ३२९ सामने. २०१२ चे ब्राउनलो मूळ विजेत्याकडून काढून घेतले गेल्यावर २०१६ मध्ये ते त्याला आणि ट्रेंट कॉचिनला विभागून देण्यात आले.

या प्रकरणातून काय निघते आणि काय निघत नाही

वेगाला महत्त्व नाही, असा धडा मिचेलवरून काढणारे लोक जडला विसरतात. जडचा पहिल्या तीन पावलांचा वेग हेच त्याचे भांडवल होते आणि पारख्यांनी ते अचूक ओळखले होते. शिवाय गर्दीत चेंडू मिळवणारी पण मंद असलेली मुले दरवर्षी डझनांनी असतात, आणि त्यांतली बहुतेक व्यावसायिक पातळीवर टिकत नाहीत. आपल्याला मिचेलचे नाव माहीत आहे, त्यांची नाही. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की या मुलाकडे वेगाची उणीव भरून काढणारे दुसरे काय आहे, आणि ते मोठ्या माणसांसमोर चालताना कोणी पाहिले आहे का.

दुसरी अडचण वयाची. हॉजचा जन्म जून १९८४ चा, म्हणजे निवडीच्या दिवशी तो सतरा वर्षांचा होता आणि बॉलही तेवढाच. मिचेल हॉजपेक्षा वीस महिन्यांनी मोठा. कुमारवयात वीस महिने म्हणजे शरीराच्या घडणीत मोठा पल्ला असतो, त्यामुळे दोघांची कामगिरी एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे ठरते. मोठ्या वयाच्या मुलाच्या चांगल्या हंगामातून काही गुण वजा करण्याची पारख्यांची सवय त्यामुळे अगदीच अवाजवी नाही. गफलत होते ती हे गुण किती वजा करायचे, यात. मिचेलच्या बाबतीत ते फार वजा झाले. मुलांनी आणखी थोडे मोठे होऊन ड्राफ्टला यावे म्हणून लीगने पुढे किमान वयाची अट वाढवली, तीही याच कारणासाठी.

अ‍ॅब्लेट आणि स्वान यांची उदाहरणे या चर्चेत ओढली जातात, पण ती वेगळ्या जातीची आहेत. अ‍ॅब्लेट वडिलांच्या क्लबकडे, म्हणजे जिलाँगकडे, फादर-सन नियमाने गेला. त्या नियमानुसार तेव्हा ठराविक तिसऱ्या फेरीची निवड खर्च केली की पुरे होते, त्यामुळे चाळीस हा क्रमांक त्याची बाजारातली किंमत सांगत नाही. आज दुसरा क्लब ज्या क्रमांकावर अशा मुलाचे नाव पुकारतो, त्या क्रमांकाच्या मोलाच्या हिशेबाने गुण भरावे लागतात (प्रत्येक निवडीचे मोल गुणांत ठरलेले असते). २०२१ मध्ये निक डेकॉससाठी कॉलिंगवूडला चौथ्या क्रमांकाची किंमत मोजावी लागली. शिवाय अ‍ॅब्लेट सुरुवातीची काही वर्षे मुख्यतः आघाडीला खेळला; मधल्या फळीतला अ‍ॅब्लेट २००१ च्या पारख्यांसमोर नव्हताच. स्वानला फुलायला बराच काळ लागला. योगायोगाने २०११ च्या ड्राफ्टमध्ये लाची नील हाही अठ्ठावन्नाव्याच क्रमांकावर फ्रेमँटलकडे गेला आणि त्याने २०२० व २०२३ ची ब्राउनलो जिंकली.

वेस्ट कोस्टच्या निवडीत एक किंमत नंतर कळली. पारखी मुलाच्या घराचीही चौकशी करतात, आणि मेलबर्नचा मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला पर्थमध्ये किती वर्षे राहील हा त्यांतला नाजूक मुद्दा असतो. जडने २००६ चे विजेतेपद कर्णधार म्हणून जिंकून दिले, पण २००७ च्या अखेरीस त्याने घरी परतायचे ठरवले आणि तो कार्लटनला गेला. बदल्यात वेस्ट कोस्टला ३ आणि २० हे क्रमांक आणि जॉश केनेडी हा पश्चिम ऑस्ट्रेलियाचाच तरुण मिळाला, जो पुढे त्या क्लबसाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि २०१८ च्या विजेत्या संघात होता. म्हणजे घराची ओढ एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंनी वसूल झाली.

२७ सप्टेंबर २००८ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर हॉथॉर्नने जिलाँगचा २६ गुणांनी पराभव केला. विजेत्यांचा कर्णधार मिचेल होता, सामन्याचा मानकरी हॉज, आणि समोर बार्टेल, अ‍ॅब्लेट आणि स्टीव्ह जॉन्सन हे त्याच ड्राफ्टचे खेळाडू. पहिल्या क्रमांकासाठी फ्रेमँटलला दिलेला ट्रेंट क्रोड २००३ नंतर हॉथॉर्नला परत आला होता आणि तोही या सामन्यात खेळला, म्हणजे सौद्यात दिलेला एक आणि घेतलेले दोन असे तिघे एकाच संघात होते. त्या दिवशी जिलाँगच्या नावावर ११ गोल आणि त्याच्या दुपटीहून अधिक, २३, एकाच गुणाचे बिहाइंड लागले, हेही सांगायला हवे. विजेतेपदावरून निवडीचे मोल ठरवताना असे योगही त्या तागडीत येऊन बसतात.

मिचेल ज्या वाटेने आला ती वाट आता थोडी रुंद झाली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सुबियाको क्लबच्या मॅट प्रिडिसलाही संथ म्हणून आधी बाजूला ठेवले गेले होते. २००६ मध्ये वेस्ट कोस्टच्या रूकी, म्हणजे नवख्यांच्या, यादीत असताना त्याने तिथल्या राज्य लीगचे सँडओव्हर पदक जिंकले आणि २०१४ मध्ये ब्राउनलो. २०१९ पासून हंगामाच्या मध्यावरही एक ड्राफ्ट होतो आणि त्यात राज्य लीगमध्ये पुरुषांविरुद्ध खेळणाऱ्या, आधी नाकारल्या गेलेल्या खेळाडूंना क्लब घेतात. त्यासाठी क्लबांचे पारखी हिवाळ्यातल्या शनिवारी व्हीएफएलच्या मैदानांवर गोलखांबांमागे उभे असतात. जड, हॉज आणि बॉल यांच्यासारखी मुले अजूनही नोव्हेंबरातच, अठरा वर्षांखालील स्पर्धांच्या बळावर निवडली जातात.